चाप, झडप आणि डोळे

२७ जून १९८१. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर गावाजवळच्या रानात बारा माणसं हातात रंगाचं पिस्तूल घेऊन शिरली. पिस्तुलाचं नाव नेलस्पॉट ००७. छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या डेझी कंपनीनं ते नेल्सन पेंट कंपनीसाठी तयार केलं होतं, आणि खेळाशी त्याचा काहीही संबंध नव्हता. तोडायच्या झाडावर किंवा कळपातून वेगळ्या काढायच्या जनावरावर लांबूनच रंगाची खूण करायची, एवढंच त्याचं काम. या खेळातल्या हत्याराला आजही ‘मार्कर’ म्हणतात ते त्यामुळे. त्या दिवशी जो तो स्वतःपुरता खेळत होता. रानात ठेवलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचं होतं. जिंकला रिची व्हाइट, ज्याचं पोटच जंगलातल्या कामावर चालत होतं. अख्ख्या खेळात त्यानं एकही गोळी झाडली नाही.

मार्कर बदलायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी ही गोष्ट सांगतो. हा खेळ पायांनी, कानांनी आणि धीरानं जिंकतात. मार्करचा नंबर त्यानंतर लागतो. पण तो लागतोच. वर्षभर भाड्याच्या किंवा पहिल्यावहिल्या यांत्रिक मार्करनं खेळलेला माणूस एके दिवशी शेजारच्या आडोशामागून येणारा तो बारीक, सलग ‘टक-टक-टक’ आवाज ऐकतो, आणि त्या रात्री त्याला झोप लागत नाही. आपल्याकडे पेंटबॉल म्हणजे सहलीतला तासाभराचा खेळ, मार्कर तिथलाच आणि गोळ्या मोजून दिलेल्या. त्यामुळे स्वतःचा मार्कर निवडण्याचा प्रश्न पडतो तो बहुतेक अमेरिकेत, ब्रिटनमध्ये शिकायला-नोकरीला गेलेल्यांना, जिथे शनिवार-रविवारी मैदानावर आपापली बॅग घेऊन जाणारे हजारो खेळाडू आहेत. हे प्रकरण त्यांच्यासाठी, आणि अशा यंत्राच्या पोटात काय चालतं याची ज्याला मनापासून उत्सुकता आहे त्याच्यासाठी.

आधी काय बदलणार नाही ते पाहू, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

पेंटबॉलची गोळी म्हणजे जिलेटिनच्या पातळ कवचात भरलेला, पाण्यानं धुऊन निघणारा रंग. औषधाच्या मऊ कॅप्सूल ज्या पद्धतीनं बनतात, त्याच पद्धतीनं ती बनते. व्यास ०.६८ इंच, म्हणजे साधारण १७ मिलीमीटर. वजन ३ ग्रॅमच्या आसपास. तिच्या वेगाला मैदानावर कमाल मर्यादा असते ती सेकंदाला ३०० फुटांची, म्हणजे ताशी सुमारे ३३० किलोमीटर. बंदिस्त जागेत ती आणखी खाली आणतात. खेळ सुरू होण्याआधी प्रत्येकाचा मार्कर क्रोनोग्राफसमोर धरून हा वेग मोजला जातो. तुमचा मार्कर दोनशे डॉलरचा असो की दोन हजारांचा, नळीतून गोळी सुटते ती याच मर्यादेत. आणि एकदा सुटली की तिच्यावर कोणाचीच सत्ता चालत नाही. गोल, हलकी, आतून द्रवानं भरलेली वस्तू या वेगानं हवेत शिरते तेव्हा हवेचा विरोध तिच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास वीसपट असतो. काही मीटरांतच तिचा जोर ओसरू लागतो. इलेक्ट्रॉनिक मार्करची गोळी लांब जाते, सरळ जाते, असं दुकानात कुणी सांगितलं, तर तो माल खपवतोय असं समजा. गोळी सरळ जाते ती गोल असेल, ताजी असेल आणि नळीच्या आतल्या मापाशी तिचं माप जुळत असेल तेव्हा. दमट हवेत उघडी राहिलेली गोळी पापडासारखी सादळते. ती फुगते, तिला पोचे पडतात. असली गोळी जगातल्या कुठल्याही मार्करमधून वाकडीच जाणार.

मग वीज घालून नेमकं काय मिळतं? हे समजायला आधी जुन्या यंत्राच्या पोटात डोकावावं लागतं.

टिपमनचा ‘९८ कस्टम’ घ्या. इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनचा हा कारखाना, आणि हा त्यांचा दणकट मार्कर जगभरच्या मैदानांवर भाड्यानं दिला जातो. अनेकांची या खेळाशी पहिली ओळख त्यानंच झालेली असते. त्याच्या आत एक जड हातोडा स्प्रिंग दाबून मागे अडकवून ठेवलेला असतो. चाप ओढला की त्याला धरून ठेवणारी खाच निसटते आणि हातोडा पुढे झेपावतो. त्याला सळईनं जोडलेला बोल्ट गोळीला नळीत ढकलतो, आणि शेवटी हातोडा झडपेवर आदळतो. झडप क्षणभर उघडते. सुटलेल्या हवेचा एक भाग गोळीला पुढे लोटतो, दुसरा हातोड्याला मागे ढकलून परत खाचेत बसवतो. बस्स. चिखलात पडला, पावसात भिजला, तरी हा मार्कर चालतो. त्याच्या या साधेपणाबद्दल माझ्या मनात खरोखर आदर आहे.

पण त्याची किंमत बोटाला मोजावी लागते. स्प्रिंगच्या ताणाखाली अडकलेली खाच सोडवायची म्हणजे चाप लांब आणि जड. दहा गोळ्या झपाट्यानं झाडायच्या म्हटलं की मनगट हलतं, मनगटाबरोबर नळी हलते. शिवाय आत दर वेळी एक लोखंडी तुकडा मागे-पुढे धावतोय, त्याचा हिसका वेगळाच. आणि बोल्टला दिसत काही नाही. वरून गोळी पूर्ण उतरली आहे की अर्धीच लटकते आहे, हे त्याला कळत नाही. अर्धी असली तरी तो तिच्यावर आदळतोच. गोळी फुटते, नळीत रंग पसरतो, आणि त्यानंतरच्या सगळ्या गोळ्या भलतीकडे जाऊ लागतात. खेळाडू याला ‘चॉप’ म्हणतात, आणि डाव रंगात असताना नळीतून फडकं ओढत बसण्याची वेळ ज्याच्यावर आली, त्याला हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत स्मार्ट पार्ट्सचा ‘शॉकर’ आणि ब्रिटनमध्ये डब्ल्यूडीपीचा ‘एंजल’ आले, आणि त्यांनी चाप व झडप यांची फारकत केली. आता चाप फक्त एक बटण झाला. मुठीतल्या सर्किटला तो कळवतो, ‘आता’. सर्किट सोलेनॉइडला, म्हणजे विजेनं उघडणाऱ्या छोट्या झडपेला, काही हजारांश सेकंद वीज देतं. त्या इवल्याशा झडपेतून सुटलेली हवा बोल्ट हलवते. बोटाला आता यंत्र हलवावं लागत नाही, नुसती खबर द्यावी लागते. पुढचं सगळं यातूनच निघालं.

हा फरक किती, हे तपासायला एक सुंदर जोडी आहे. मँचेस्टरच्या प्लॅनेट एक्लिप्स कंपनीनं ‘गॅमा कोअर’ नावाची एकच बोल्टप्रणाली दोन मार्करांत बसवली. एक ‘ईमेक’, पूर्ण यांत्रिक. दुसरा ‘एथा २’, इलेक्ट्रॉनिक. काळीज एकच, नाडी वेगळी. ईमेकमध्ये चाप थेट एका लहानशा हवेच्या झडपेला ढकलतो. एथामध्ये तेच काम सोलेनॉइड करतो. दोन्हींत हातोडा नाही, दोन्हींचा बोल्ट कमी दाबावर हलतो आणि गोळीला हळुवार स्पर्श करतो. दोन्ही शेजारी ठेवून झाडून पाहा. टिपमनवरून ईमेकवर आलात की हिसका गेलेला जाणवतो, आवाज बसलेला जाणवतो. ईमेकवरून एथावर आलात की मात्र बदलतात दोनच गोष्टी: चाप, आणि गोळी पाहणारे डोळे, ज्यांच्याकडे पुढे येऊच. ‘चांगला मार्कर’ म्हणून जे हवं असतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त कित्येकदा पहिल्याच पायरीवर, विजेशिवाय मिळून जातं. त्यामुळे माझा पहिला प्रश्न हाच असतो, की तुम्हाला वीज हवी आहे, की चांगली बोल्टप्रणाली? रानात, झाडाझुडपांत खेळणारा, डावात शंभर-दीडशे गोळ्या पुरणारा खेळाडू ईमेकसारख्या मार्करवर वर्षानुवर्षं सुखी राहतो. हवा भरलेले प्लास्टिकचे आडोसे मांडून वेगवान खेळतात तिथे, समोरच्याला डोकं वर काढू द्यायचं नसतं तिथे, वीज लागते. दोन्ही ठिकाणी एकच मार्कर नेता येतो, पण एकाच कारणासाठी घेता येत नाही. यांत्रिक मार्करांसाठी आज स्वतंत्र स्पर्धाही होतात, हेही विसरू नका.

वीज हवीच असं ठरलं, की पुढची निवड झडपेची. इलेक्ट्रॉनिक मार्करची दोन मोठी घराणी आहेत. एका घराण्यात आतला दट्ट्या हवेच्या दाबानं पुढे येऊन झडपेच्या दांडीवर टोला मारतो. याला पॉपेट म्हणतात. प्लॅनेट एक्लिप्सचा ‘इगो’, त्याचा धाकटा भाऊ ‘ईटेक’ आणि पहिला ‘एथा’ हे या घराण्यातले. दुसरं घराणं स्पूलचं. इथे टोला नाहीच. बोल्ट स्वतःच झडप असतो. तो पुढे सरकला की साठलेली हवा गोळीमागे मोकळी होते, मागे आला की वाट बंद. डाय कंपनीच्या ‘मॅट्रिक्स’ मालिकेनं हा प्रकार लोकप्रिय केला. पॉपेटचा आवाज टणक, हाताला जरा जास्त झटका, पण हवा काटकसरीनं वापरतो आणि थंडीत कुरकुरत नाही. स्पूल मऊ, शांत, हातात मांजरासारखा. त्याच्या आतल्या रबरी ओ-रिंगांना मात्र नेमानं ग्रीस लागतं, आणि जुने स्पूल हवा भरपूर खात. नव्या स्पूलांनी ही तफावत बरीच भरून काढली आहे. दोन्ही घराण्यांनी मोठ्या स्पर्धा जिंकल्या आहेत. म्हणून कागदावरचे आकडे पाहून यातला एक निवडू नका. मैदानावर ओळख काढा, मास्क लावून, चाचणीच्या जागेवर प्रत्येकाच्या वीस-वीस गोळ्या झाडून बघा. तुमच्या हाताला काय आवडतं ते हातच सांगेल.

आता डोळे. मला स्वतःला इलेक्ट्रॉनिक मार्करमधली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते. गोळी जिथे वरून येऊन बोल्टसमोर बसते, तिथे एका बाजूला अवरक्त प्रकाश सोडणारा दिवा आणि समोर तो टिपणारा संवेदक. गोळी बसली की प्रकाश अडतो, सर्किटला कळतं की जागा भरली, आणि मगच ते बार होऊ देतं. चाप कितीही वेगानं दाबा. गोळी जागेवर नसेल तर बोल्ट हलत नाही. एका किरणानं चॉप जवळजवळ संपवला. पण डोळा तो डोळाच. फुटलेल्या गोळीचा रंग त्यावर बसला, ग्रीस ओघळलं, की त्याला दिसेनासं होतं. बहुतेक मार्कर अशा वेळी दिव्याचा रंग बदलून सांगतात आणि वेग उतरवून खेळत राहतात. डोळ्यांवरची झाकणं एका-दोन स्क्रूंत किंवा नुसत्या बोटांनी निघतात का, हे घेण्याआधी पाहा. खेळाच्या मध्यंतरात, घामेजलेल्या हातांनी तुम्हाला ती काढायची आहेत.

सर्किटवरच्या सेटिंग्जनी नवखा माणूस घाबरतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, पण त्यातल्या तीन गोष्टी कळायला हव्यात. पहिली ड्वेल: सोलेनॉइड किती वेळ उघडा राहणार. कमी ठेवला तर बोल्ट अर्ध्यातून परततो आणि गोळी मेल्यासारखी बाहेर पडते. जास्त ठेवला तर प्रत्येक बाराला हवा फुकट जाते. दुसरी डिबाउन्स. चापाखालचं बटण दाबताना त्यातले पत्रे क्षणभर थरथरतात आणि एका दाबाचे सर्किटला दोन दाब वाटू शकतात. ही थरथर किती काळ दुर्लक्षून सोडायची, ते इथे ठरतं. ती शून्याकडे नेऊन मार्कर आपोआप झाडायला लावणारे लोक असतात. पंचांनी धरलं तर बाहेर काढतात, आणि योग्यच करतात. तिसरी गोष्ट ‘फर्स्ट शॉट ड्रॉप-ऑफ’ नावानं ओळखली जाते. मार्कर पाच मिनिटं नुसता पडून राहिला की ओ-रिंगा जागच्या जागी चिकटतात, आणि पहिली गोळी वीस-तीस फुटांनी मंद सुटते. ती गोळी नेमकी तुमच्या सगळ्यात धीरानं धरलेल्या नेमाची असते. चांगलं सर्किट बराच वेळ शांत राहिल्यानंतरच्या पहिल्या बाराला थोडा जादा ड्वेल देतं. आडोशामागे थांबून एकच गोळी साधणाऱ्या खेळाडूसाठी ही सोय सेकंदाच्या पंधरा गोळ्यांहून मोलाची आहे.

सेकंदाच्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर बोलून टाकू. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये ‘रॅम्पिंग’ असतं: चाप आधी काही वेळा नियमानं ओढला, की त्यानंतर सर्किट स्वतःच वेग वाढवून ठरलेल्या मर्यादेपर्यंत नेतं. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांत ही मर्यादा एके काळी सेकंदाला १५ गोळ्यांची होती. टप्प्याटप्प्यानं उतरत ती आता साधारण १० वर आली आहे. खेळ बघण्याजोगा आणि परवडण्याजोगा ठेवायचा तर हे आवश्यकच होतं. साधा हिशेब करा. सेकंदाला १० गोळ्या, म्हणजे २०० गोळ्यांचा लोडर, मार्करवर बसणारा गोळ्यांचा डबा, २० सेकंदांत रिकामा. गोळ्यांचं खोकं साधारण २,००० चं येतं. ते ३ मिनिटं २० सेकंदांच्या सलग माऱ्यात संपतं. यांत्रिक मार्करवर दिवसभर एक खोकं पुरवणारा माणूस इलेक्ट्रॉनिक घेतल्यावर दोन महिन्यांत जेवढ्याचा मार्कर तेवढ्याच्या गोळ्या उडवून बसतो. विद्यार्थ्यांना मी हे कळकळीनं सांगतो: पहिले सहा महिने रॅम्पिंग बंद ठेवा. एक ओढ, एक गोळी. हाताला वळण लागतं आणि खिसाही शाबूत राहतो.

इथून पुढे जे सांगतो ते दुकानदार सहसा सांगत नाहीत. मार्कर ही साखळीतली एकच कडी आहे. सर्किट सेकंदाला १० गोळ्या मागणार आणि वरचा लोडर फक्त गुरुत्वाकर्षणावर गोळ्या सोडणार, तर डोळे वाट पाहत राहतील आणि तुमचा महागडा मार्कर टिपमनच्या वेगानं चालेल. इलेक्ट्रॉनिक मार्करला गोळ्या ढकलून देणारा, मोटरीवर चालणारा लोडर लागतो. डायचा ‘रोटर’ किंवा व्हर्च्यूचा ‘स्पायर’ हे त्यातले नेहमी दिसणारे. हा खर्च मार्करच्या किमतीत पहिल्याच दिवशी धरा.

हवेचंही तसंच. टिपमनसारखे यांत्रिक मार्कर कार्बन डायऑक्साइडवरही चालतात. नळकांड्यात तो द्रवरूपात असतो आणि बाहेर पडताना वायू होतो; भराभर झाडलं की नळकांडं गारठतं, दाब पडतो, आणि कधी कधी द्रवच मार्करात शिरतो. सोलेनॉइडच्या नाजूक सीलला तो मारक ठरतो. इलेक्ट्रॉनिक मार्करला फक्त संकुचित हवाच द्या. तिच्या बाटल्या दोन जातींच्या: अ‍ॅल्युमिनियमची, ३,००० पीएसआयची, आणि कार्बन तंतू गुंडाळलेली, ४,५०० पीएसआयची. गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय असतो, म्हणजे दुसऱ्या बाटलीत त्याच्या जवळपास १४० पट दाब. बाटलीच्या तोंडाचा रेग्युलेटर तो सुमारे ८०० वर आणतो, मार्करचा स्वतःचा रेग्युलेटर आणखी खाली; गॅमा कोअर तर १३५ च्या आसपासच काम करतो. ४८ घनइंचाच्या ३,००० च्या बाटलीपेक्षा ६८ घनइंचाची ४,५०० ची बाटली दुपटीहून जास्त हवा देते आणि हाताला फारशी जड लागत नाही. पण तुमच्या मैदानावर ४,५०० पर्यंत भरून देतात का, हे आधी विचारा. अमेरिकेत बाटलीची जलदाब चाचणी दर ५ वर्षांनी करावी लागते. तारीख बाटलीवरच असते. मुदत उलटलेली बाटली कुठलंही शहाणं मैदान भरून देत नाही, आणि तुम्हीही ती भरा म्हणून हट्ट धरू नका.

या सगळ्याच्या आधी मास्क. पेंटबॉलसाठी ठरवलेलं एएसटीएम एफ१७७६ हे मानक पाळणारा, दोन काचांचा, धुकं न धरणारा. ३ ग्रॅमची गोळी ३०० फुटांच्या वेगानं डोळ्यावर बसली तर डोळा जातो. मैदानात असताना मास्क कुठल्याही कारणानं काढायचा नाही, काच धुरकटली तरी नाही. पैसे कमी असतील तर मास्क चांगला घ्या आणि जुनाच मार्कर आणखी एक वर्ष वापरा. मास्क, बाटली, लोडर, मग मार्कर. हा क्रम मी कोणासाठीही बदलत नाही.

कित्येकांना वाटतं, आहे त्याच टिपमनला इलेक्ट्रॉनिक मूठ बसवली की काम झालं. मूठ मिळते, बसते, चाप हलका होतो. पण आत तोच हातोडा, तोच हिसका, तोच आंधळा बोल्ट राहतो. मूठ, नळी, लोडर असं जोडत गेलं की वर्षाच्या शेवटी बेरीज नव्या मार्करच्या वर जाते, आणि विकताना त्या सुट्या भागांची किंमत कोणी देत नाही. टिपमन आहे तसाच राहू द्या.

जुना इलेक्ट्रॉनिक मार्कर घेणं मात्र खरोखर शहाणपणाचं असू शकतं. वरच्या श्रेणीतला नवा मार्कर दीड हजार डॉलरांच्या पुढे जातो आणि तीन-चार वर्षांत त्याची किंमत झपाट्यानं उतरते. पण काही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बाटली लावा आणि कान लावा; कुठून हवा सुटण्याची बारीक सूर्‌सूर येत असेल तर ती जागा शोधा. नळीच्या तोंडाशी येणारी सूर्‌सूर बोल्टच्या ओ-रिंगची असते, स्वस्तात निघते. मुठीतून येणारी सोलेनॉइडची असू शकते, ती महाग पडते. क्रोनोग्राफवर दहा गोळ्या झाडा. आकडे पाच-सात फुटांच्या आत खेळत असले तर रेग्युलेटर निरोगी. पहिली गोळी एकदम वेगवान आणि पुढच्या मंद असतील, तर रेग्युलेटरला दाब धरता येत नाहीये. डोळे चालू ठेवून, गोळ्या काढून चाप दाबा. मार्कर गप्प राहायला हवा. आणि शेवटचा प्रश्न, सुटे भाग मिळतात का? स्मार्ट पार्ट्सनं २००५ च्या सुमारास ‘आयन’ आणून इलेक्ट्रॉनिक मार्कर विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आणला, हजारो लोक त्यावर खेळायला शिकले; ती कंपनी २०१० मध्ये बंद पडली. त्यांचे मार्कर आजही बाजारात फिरतात, आणि काही खूप चांगले आहेत. पण त्यांचं सर्किट गेलं तर ते शोधायला तुम्हाला वेळ आणि जिद्द दोन्ही लागतील. पहिला इलेक्ट्रॉनिक मार्कर असा असावा की ज्याच्या ओ-रिंगांचा संच तुमच्या मैदानावरच्या दुकानात भिंतीला टांगलेला असेल.

सुट्टीत मार्कर घरी आणायचा विचार असेल, तर आधी भारतातले कस्टम्सचे आणि हत्यारांचे नियम लेखी विचारून घ्या. अमेरिकेतून विमानात मार्कर फक्त चेक-इन सामानात जातो, आणि बाटली न्यायची तर तिचा रेग्युलेटर पूर्ण काढून, आत हवा नाही हे डोळ्यांना दिसेल अशी उघडी ठेवावी लागते.

टिपमनवाल्यांची एक सवय मात्र मार्करबरोबर मागे सोडावी लागते. त्यांना हवेच्या तोंडाशी तेलाचे चार थेंब टाकायची सवय असते, आणि त्या यंत्राला ते मानवतं. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये तेच तेल हवेबरोबर सोलेनॉइडमध्ये जाऊन बसतं. नवा मार्कर आणल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रेमानं तेल पाजून तो बंद पाडलेले लोक मी पाहिले आहेत. इथे तेल नाही, ग्रीस. तेही मार्करच्या पुस्तिकेत लिहिलेलंच, बोटावर घेऊन प्रत्येक ओ-रिंगवर इतका पातळ हात की रबर चमकावं, पांढरं दिसू नये. बोल्ट बाहेर काढणं, पुसणं, ग्रीस लावणं, परत बसवणं: नव्या मार्करांत हे पाच मिनिटांचं काम असतं. घरी, टेबलावर कापड पसरून, तीन-चार वेळा करून बघा, म्हणजे मैदानावर हात अडणार नाही.

पहिल्या दिवशी मैदानावर लवकर जा. नळीच्या तोंडावर पिशवी चढवलेली, मास्क लावलेला. बाटलीचा खटका हळू उघडा, एकदम नको. झटक्यानं शिरलेली हवा ओ-रिंगा जागेवरून उडवते. क्रोनोग्राफच्या कट्ट्यावर पिशवी काढा, पाच गोळ्या झाडा, आकडा बघा, किल्लीनं अर्धा वळसा द्या, दोन गोळ्या वाया घालवा, पुन्हा पाच झाडा. २८० ते २८५ वर थांबा. दुपारी ऊन चढलं की तो थोडा वर सरकू शकतो आणि मर्यादेखाली जागा राहायला हवी. सुट्या बॅटऱ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. आणि जुना टिपमन गाडीतच असू द्या, हवा भरून, कारण पावसाच्या दिवशी किंवा पहिल्यांदाच आलेल्या मित्राच्या हातात द्यायला त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही तुमच्याकडे नसेल.